घरच्या घरी शाळा : संगणकाधारित अभ्यासक्रमाचा उपयोग आणि मर्यादा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा मार्ग भारतातील काही कुटुंबे स्वीकारतात. त्यामागची कारणे निरनिराळी असतात. नोकरीतील वारंवार होणाऱ्या बदल्या, मुलाचे दीर्घ आजारपण, अध्ययनातील अडचणी, खेळाचा किंवा संगीताचा कसून चालणारा सराव, अथवा प्रचलित शालेय पद्धतीविषयीचे मूलभूत मतभेद यांपैकी कोणतेही कारण असू शकते. अशा अनेक घरांत आता संगणक हे शिकवण्याचे महत्त्वाचे साधन झाले आहे. धडे, सराव आणि चाचण्या संगणक पुरवू शकतो. शाळा मात्र याखेरीज आणखी तीन कामे करते. ती मुलाची चूक समजून घेते, त्याच्या दिवसाला शिस्त लावते आणि शेवटी त्याला मान्यताप्राप्त प्रमाणपत्रापर्यंत नेते. ही तीन कामे घरात कोण करणार, याचा विचार आधी झाला नाही, तर मूल दहावीच्या उंबरठ्यावर येऊन अडते.

घरी शिकण्याची परंपरा

घरी शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृतचे पहिले धडे त्यांच्या आई लक्ष्मीबाई यांनी दिले. रमाबाई रानडे यांच्या शिक्षणाचा पाया न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घरीच घातला. त्या काळी मुलींना शाळेची दारे जवळजवळ बंद होती, म्हणून घर हीच शाळा झाली. आजच्या गृहशिक्षणात शाळा उपलब्ध असूनही घर निवडले जाते, हा दोन्हींतील मोठा फरक आहे.

आधुनिक गृहशिक्षणाची चळवळ प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. शिक्षक आणि लेखक जॉन होल्ट यांनी १९६४ साली शाळेत मुले का अपयशी ठरतात याचा वेध घेणारे पुस्तक लिहिले आणि १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी स्वतंत्र नियतकालिक सुरू केले. १९९३ सालापर्यंत अमेरिकेतील सर्व ५० राज्यांत गृहशिक्षणाला कायदेशीर मान्यता मिळाली होती. याउलट जर्मनीत शाळेत जाणे बंधनकारक आहे आणि गृहशिक्षणाला तेथे सहसा परवानगी मिळत नाही.

भारतातील कायद्याची बाजू

राज्यघटनेत २००२ साली झालेल्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-अ समाविष्ट करण्यात आले आणि ६ ते १४ वर्षे वयोगटातील मुलांना शिक्षणाचा मूलभूत अधिकार मिळाला. त्याच दुरुस्तीने या वयोगटातील पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यानुसार संमत झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या अधिनियमाच्या कलम १० नुसार पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी शिक्षेची तरतूद अधिनियमात नाही. गृहशिक्षणाला स्पष्ट परवानगी देणारे किंवा ते स्पष्टपणे निषिद्ध ठरवणारे कलमही त्यात नाही. त्यामुळे भारतातील गृहशिक्षण कायद्याच्या दृष्टीने काहीशा संदिग्ध अवस्थेत आहे, हे पालकांनी आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

याच अधिनियमातील कलम ४ मात्र अशा कुटुंबांसाठी मोलाचे आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शिक्षण अपूर्ण राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा इयत्तेत प्रवेश देण्याची आणि इतर मुलांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. घरचा प्रयोग जमला नाही, तर परतीची वाट खुली राहते ती या कलमामुळे.

संगणक शिक्षक कसा झाला

यंत्राने शिकवण्याची कल्पना संगणकापेक्षाही जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात ‘शिकवणारे यंत्र’ तयार केले. धड्याचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ सांगायचे, हे त्याचे सूत्र होते. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या प्रणालीने हे काम संगणकावर आणले. आजचे बहुसंख्य संगणकीय अभ्यासक्रम मूलतः याच सूत्रावर चालतात.

दुसरा विचारप्रवाह सीमोर पेपर्ट यांचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. संगणकाने मुलाला आज्ञा देण्याऐवजी मुलाने संगणकाला आज्ञा द्यावी आणि त्यातून भूमिती व तर्क शिकावा, अशी पेपर्ट यांची भूमिका होती.

भारतात शालेय संगणक शिक्षणाचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ साली ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे झाला. पुढे १९९९ साली दिल्लीतील काळकाजी भागात सुगत मित्रा यांनी वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला. कोणीही न शिकवता मुले तो हाताळू लागली आणि हा प्रयोग जगभर चर्चिला गेला. मुलांचे कुतूहल किती प्रबळ असते, हे त्यातून दिसले. मात्र संगणक हाताळता येणे आणि एखादा विषय क्रमाने शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद गृहशिक्षणाचा विचार करताना महत्त्वाचा ठरतो.

उपलब्ध साधने

अधिकृत पाठ्यपुस्तकांवर आधारलेले बरेच साहित्य आज विनामूल्य मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची पुस्तके ‘ई-पाठशाला’ या २०१५ साली सुरू झालेल्या उपक्रमातून वाचता येतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावर विविध राज्यांच्या पाठ्यपुस्तकांशी जोडलेल्या चित्रफिती आणि सरावप्रश्न आहेत. इयत्ता नववी ते बारावीच्या विज्ञान प्रयोगांसाठी अमृता विश्व विद्यापीठ आणि सी-डॅक यांनी विकसित केलेली संगणकीय प्रयोगशाळा उपयोगी पडते.

इंटरनेटची जोडणी नसलेल्या किंवा ती क्षीण असलेल्या घरांसाठी दूरचित्रवाणीचा पर्याय आहे. ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्यांच्या समूहाचा प्रारंभ जुलै २०१७ मध्ये झाला. करोना महासाथीच्या काळात, मे २०२० मध्ये, ‘पीएम ई-विद्या’ उपक्रम जाहीर करण्यात आला आणि पहिली ते बारावीपर्यंत प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी देण्यात आली. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या वाहिन्यांची संख्या १२ वरून २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली.

महासाथीच्या त्या काळात देशातील कोट्यवधी घरे काही महिने अनिच्छेनेच शाळा बनली. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२० साली ६१.८ टक्क्यांवर गेले. तथापि घरात एक फोन असणे आणि तो अभ्यासाच्या वेळी मुलाच्या हाती असणे यांत मोठे अंतर आहे. नियमित गृहशिक्षणासाठी फोनच्या छोट्या पडद्यापेक्षा साधा, प्रसंगी वापरलेला संगणक अधिक सोयीचा ठरतो. पुस्तके व चित्रफिती आधीच उतरवून ठेवल्यास वीज किंवा जोडणी खंडित झाली तरी अभ्यास अडत नाही. ‘जीकाँप्रिस’ हा लहान मुलांसाठीचा मुक्त संगणकीय संच आणि ‘कोलिब्री’ हा शैक्षणिक साहित्याचा मंच एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात.

मराठीचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मुलांचे शालेय माध्यम बहुधा इंग्रजी, हिंदी किंवा त्या त्या राज्याची भाषा असते. अशा घरांना संगणकामुळे मराठीची पुस्तके सहज मिळू लागली आहेत. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची मराठीसह अनेक माध्यमांतील पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मुलालाही महाराष्ट्रातील मुलाचेच पुस्तक त्याच वर्षी वाचता येते.

पाठ्यपुस्तकाला संगणकाशी जोडणाऱ्या क्यूआर संकेतचिन्हांचा प्रसारही महाराष्ट्राशी निगडित आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात ही कल्पना राबवली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ती स्वीकारली गेली. डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्काराने गौरवण्यात आले. फोनने हे चिन्ह टिपताच त्या धड्याचे दृक्श्राव्य साहित्य उघडते.

मात्र भाषा केवळ पडद्यावरून येत नाही. मराठीसाठी मोठ्याने वाचन, शुद्धलेखन आणि घरातल्या माणसांशी संभाषण यांना पर्याय नाही. यंत्र उच्चार ऐकवू शकते; आजीने सांगितलेल्या गोष्टीवर मूल जो उलट प्रश्न विचारते, त्यातून त्याची भाषा वाढते.

चूक कोणी समजून घ्यायची

संगणकीय अभ्यासक्रमाची सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा संयम. तोच धडा दहा वेळा दाखवताना तो कंटाळत नाही. ज्या मुलाला अपूर्णांक दोन दिवसांत समजतात त्याला तो पुढे जाऊ देतो आणि ज्याला दोन आठवडे लागतात त्याला थांबू देतो. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी न उघडण्याची सोय अनेक अभ्यासक्रमांत असते.

त्याची मर्यादाही अपूर्णांकांच्याच एका उदाहरणातून स्पष्ट होते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, या प्रश्नाला मुलाने दोन पंचमांश असे उत्तर दिले, तर साधा अभ्यासक्रम ‘चूक’ असे दाखवून पुढचा प्रश्न देतो. शेजारी बसलेल्या आईला मात्र दिसते, की मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. ती एका भाकरीचे सहा सारखे तुकडे करते. अर्धी भाकरी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन तुकडे, मिळून सहांपैकी पाच. शिवाय दोन पंचमांश हे तर अर्ध्यापेक्षाही कमी आहेत. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल, असा प्रश्न ती विचारते. मुलाची चूक दुरुस्त होते ती येथे.

अधिक प्रगत अभ्यासक्रम अशा नेहमीच्या चुका ओळखून सूचना देतात. तरीही पर्यायांतून उत्तर निवडणे आणि स्वतः उत्तर मांडणे यांतील अंतर कायम राहते. चार पर्यायांपैकी योग्य तो ओळखणारे मूल तेच उत्तर कोऱ्या कागदावर लिहू शकेल, याची शाश्वती नसते. म्हणून संगणकावर मिळालेले गुण हे प्रगतीचे एकमेव माप मानू नये. मुलाच्या वहीत काय आहे आणि शिकलेली गोष्ट ते तोंडी समजावून सांगू शकते का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह असते.

दिवसाची आखणी

पडद्यासमोर किती वेळ बसावे याविषयी काही अधिकृत मापदंड उपलब्ध आहेत. केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन वर्गांची मर्यादा घालून देण्यात आली होती. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटे, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी अशी जास्तीत जास्त चार सत्रे, असे ते प्रमाण होते. या सूचना शाळांसाठी असल्या तरी घरालाही तेच माप लावणे हितावह आहे.

याचा अर्थ असा, की आठवीपर्यंतच्या मुलाचा संगणकावरचा अभ्यास दिवसाला दीड तासाच्या आत संपला पाहिजे. उरलेल्या वेळात वही, पुस्तक, हस्तकला, प्रयोग, घरकामातील वाटा, मैदानी खेळ आणि समवयस्क मुलांचा सहवास यांना स्थान हवे. गृहशिक्षणातील मुले एकटी पडण्याची शक्यता असते. वाचनालय, व्यायामशाळा, संगीतवर्ग किंवा सोसायटीतील खेळाचा गट यांमुळे ही उणीव भरून निघू शकते.

पालकांच्या वेळेचा हिशेबही आधी मांडावा लागतो. दोन्ही पालक दिवसभर नोकरीवर असतील, तर संगणक मुलाला सांभाळील ही अपेक्षा फोल ठरते. प्राथमिक इयत्तांत कोणीतरी मोठे माणूस अभ्यासाच्या वेळी जवळ असावे लागते. रोजच्या कामाची तारीखवार नोंद, तपासलेल्या वह्या आणि लेखी चाचण्या एका धारिकेत जपून ठेवाव्यात. मूल पुन्हा शाळेत जाणार असेल, तेव्हा त्याची पातळी दाखवण्यासाठी हा दप्तरखाना उपयोगी पडतो.

परीक्षा आणि प्रमाणपत्र

संगणकीय अभ्यासक्रम पुरवणाऱ्या कंपनीचे प्रशस्तिपत्र हे शालान्त प्रमाणपत्र नसते. देशातील महाविद्यालयीन प्रवेशासाठी मान्यताप्राप्त मंडळाची परीक्षा द्यावी लागते. नियमित शाळेत न जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा प्रमुख मार्ग आहे. १९८९ साली स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झालेल्या आणि २००२ साली सध्याचे नाव मिळालेल्या या संस्थेचे मुख्यालय नोएडा येथे आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणातील अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष मानले जातात.

माध्यमिक, म्हणजे दहावीच्या स्तरावरील प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत निदान एक भाषा असावी लागते. मराठी माध्यमाचीही सोय आहे. नोंदणी पाच वर्षे वैध राहत असल्याने सर्व विषयांची परीक्षा एकाच वेळी देण्याची सक्ती नसते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. आजारी मुलांना, खेळाडूंना किंवा कलावंतांना ही लवचीकता विशेष उपकारक ठरते. प्रात्यक्षिक असलेल्या विषयांसाठी मात्र अध्ययन केंद्रात जावे लागते. ते काम घरच्या संगणकावर पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा पर्याय आहे. त्याचप्रमाणे राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला ‘१७ नंबरचा अर्ज’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. या अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो, ही बाब ज्या मुलाचे नाव कधीच शाळेच्या पटावर नव्हते त्याच्या पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. वयाचा दाखला, आधी घेतलेल्या शिक्षणाचा पुरावा आणि अर्जाच्या मुदती यांची माहिती आठवीच्या वयातच करून घेणे श्रेयस्कर.

मुक्त विद्यालयातून उत्तीर्ण झालेल्यांना पुढील प्रवेशात पूर्वी अडथळे आले आहेत. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतून अशा विद्यार्थ्यांना वगळणारी अट २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. तरीही परदेशी किंवा व्यावसायिक शिक्षण अपेक्षित असल्यास विषयांची निवड करण्यापूर्वी त्या त्या संस्थेचे पात्रतानियम पाहावेत.

आणखी एक साधी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. या मंडळांच्या लेखी परीक्षांत उत्तरे कागदावर हाताने लिहावी लागतात. वर्षानुवर्षे कळफलकावर आणि स्पर्शपडद्यावर शिकलेल्या मुलाला सलग तीन तास लिहिण्याची सवय नसते. उत्तर माहीत असूनही पेपर अपुरा राहू शकतो. म्हणून परीक्षेआधी किमान वर्षभर वेळ लावून लेखी सराव करून घेणे आवश्यक आहे.

पैसा आणि खासगी माहिती

विक्रीसाठी असलेले अभ्यासक्रम निवडताना घाई टाळावी. केंद्रीय शिक्षण खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांबाबत नागरिकांना सावध करणारी सूचना प्रसिद्ध केली होती. खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्यास संमती देऊ नये, कर्जाचे कागद असल्यास अटी पूर्ण वाचाव्यात आणि जाहिरातीतील यशोगाथांची पडताळणी केल्याशिवाय त्यांवर विश्वास ठेवू नये, असा तिचा आशय होता. विनामूल्य चाचणीचा काळ संपल्यावर काय होते, वर्गणी मध्येच थांबवता येते का आणि रक्कम परत मिळते का, हे लेखी स्वरूपात विचारून घ्यावे.

मुलाची माहिती हाही तितकाच गंभीर विषय आहे. अभ्यासक्रम वापरताना मुलाचे नाव, वय, चुका, गती आणि प्रसंगी आवाज व चेहरा यांची नोंद होत असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवणारी आणि मुलांना उद्देशून केलेल्या लक्ष्याधारित जाहिरातींना मनाई करणारी तरतूद आहे. खाते पालकाच्या नावे उघडणे आणि अनावश्यक माहिती न देणे, ही खबरदारी कोणत्याही घराला घेता येते.

निर्णयापूर्वी

गृहशिक्षणाचा निर्णय एकदम सर्व वर्षांसाठी घेण्याची गरज नाही. उन्हाळी सुटीतील सहा आठवडे निवडलेला अभ्यासक्रम चालवून पाहता येतो. त्या काळात मूल स्वतःहून बसते का, पालकांना रोज वेळ देता येतो का आणि अखेरीस पडदा बंद करून विचारलेल्या प्रश्नांना मूल स्वतःच्या शब्दांत उत्तर देते का, हे तीन मुद्दे तपासावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, परीक्षेचा मार्गही ठरला असेल, तर संगणक त्या घराला मोठी साथ देऊ शकतो. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर मुलाचे नाव शाळेच्या पटावर ठेवून हेच साहित्य पूरक अभ्यासासाठी वापरणे अधिक सुरक्षित ठरते.